पिवळ्यावर लाल

टीव्हीला कॉम्प्युटर जोडला तर काम भागेल का, असं कुणी विचारलं की मी एकच सांगते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘श्री कुलस्वामिनी प्रसन्न’ लिहा आणि हातभर अंतरावरून बघा. ‘स्वा’तला अर्धा स सुटा दिसला तर भागेल. नाही दिसला तर त्या टीव्हीवर मॅच बघा, अक्षरांचं काम करू नका.

मी वडगावात घरी बसून डीटीपी करते. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळांच्या पावत्या जुळवून प्रेसला पाठवायच्या. तुळशीचं लग्न झालं की मान वर करायला सवड नसते, आणि मॉनिटरनं नेमका तोच मुहूर्त धरून डोळे मिटले. दुरुस्तीवाला म्हणाला, पार्ट यायला आठवडा तरी जाईल. हॉलमध्ये भावजींनी घेतलेला ४३ इंची फोर-के टीव्ही होता. एचडीएमआय केबल होतीच. सासूबाईंना मालिका मोबाईलवर लावून दिली आणि कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये आणला.

जोडल्या जोडल्या खालचा टास्कबार अर्धा गायब. कोरल या पत्रिका जुळवायच्या सॉफ्टवेअरचे मेनूही वरून छाटलेले. ही जुन्या डबा टीव्हीची खोड आहे. त्या काळी चित्राच्या कडा धड येत नसत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड ढकलायचे. पडदे सपाट झाले तरी बऱ्याच टीव्हींनी ती सवय सोडलेली नाही. पिक्चर साइझच्या मेनूत एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’ अशा नावांनी तोड असते. विंडोजमध्ये पडदा लहान करत बसू नका, त्यानं अक्षरं आणखी बिघडतात. आधी टीव्हीलाच सांगायचं.

कडा आल्या. पांढऱ्यावरचं काळं ठीक दिसत होतं. मग पत्रिका उघडली, हळदीच्या रंगाची पाटी आणि कुंकवाच्या रंगाची अक्षरं, आणि सगळी शाई पाण्यात पडल्यासारखी फुटलेली. काना-मात्रा कळत होत्या, पण ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांत फरक उरला नव्हता. त्याच पत्रिकेची मागची बाजू कन्नड होती. कन्नडात जोडाक्षराचा दुसरा तुकडा अक्षराच्या पायाशी बारीक लिहितात, तो तर नुसता लाल ठिपका.

याचं कारण असं. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून व्हिडिओत उजेड प्रत्येक ठिपक्याचा ठेवतात आणि रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. माणसाच्या चेहऱ्यावर ते खपून जातं. पण लाल आणि पिवळ्यात उजेडाबरोबर रंगाचाही मोठा फरक असतो, तिथं अक्षराची कड फुटते. कॉम्प्युटर रंग पूर्ण पाठवत असला तरी बरेच टीव्ही आत घेतल्यावर ते कापतात. टीव्हीला समोर कॉम्प्युटर आहे हे कळवावं लागतं. सॅमसंग-एलजीच्या बऱ्याच मॉडेलांत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करायचं, सोनीत पिक्चर मोड ‘ग्राफिक्स’ घ्यायचा. नुसतं नाव बदलून काय होणार, असं वाटतं. होतं. अर्धा स जागेवर आला.

‘व्हिव्हिड’ मोड मात्र पहिल्या झटक्यात बंद करा. त्यात हळद केशरी दिसते, आणि छापून आल्यावर गिऱ्हाईक आपल्याशीच भांडतं. शार्पनेसही खाली आणा, तो अक्षराभोवती पांढरी कड काढतो.

खानापूरच्या मावसबहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं, पण तिच्याकडे ३२ इंची एचडी रेडी. त्याच्या पडद्यात ठिपकेच १३६६ बाय ७६८, म्हणजे इंचाला पन्नासही नाहीत. २२ इंची फुल एचडी मॉनिटरला शंभर असतात. तिथं कुठलीही सेटिंग कामाची नाही, तिला सरळ मॉनिटर घ्यायला लावला.

माझा मॉनिटर दुरुस्त होऊन आला तरी टीव्ही मी सोडला नाही, आणि त्याला कारण गिऱ्हाईक. मॉनिटरवर प्रूफ एकटा माणूस बघतो, तोही मान तिरकी करून ‘बरोबर आहे’ म्हणतो. टीव्हीवर सगळं घर बघतं. परवा मुलगी चिकोडीची, मुलगा गडहिंग्लजचा, पत्रिका दोन्ही भाषांत. सोफ्यावर मामा, काका, आत्या आणि खाली पोरं. मामांनी मराठी बाजू मोठ्यानं वाचायला घेतली, आत्यांनी कन्नड. मराठीत थोरल्या काकांचं नाव आधी, कन्नडात धाकट्यांचं. थोरले काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसायला लागले. मी गुपचूप ओळी अदलाबदल केल्या. मग आत्या म्हणाल्या, ‘‘वैनी, आमच्या मालकांच्या नावाम्होरं कै. लावलासा की वो! जित्ते हाईत अजून, भायेर गाडी लावूलेत!’’ मागच्या पत्रिकेवरून मजकूर उचलला होता त्यांच्याच पुतण्यानं, आणि त्यानंच मॉनिटरवर बघून ‘ओके’ केलं होतं. दोन हजार प्रती छापल्यावर हे कळलं असतं तर पत्रिका कोण वाटणार होतं?

फक्त लाइटचं तेवढं बघा. यूपीएसवर नुसता कॉम्प्युटर असला तर लाइट गेली की तो चालू राहतो आणि पडदा अंधारा होतो. परत आली तरी स्मार्ट टीव्ही डोळे चोळत उठेपर्यंत वेळ जातो. तोवर कंट्रोल-एस दाबून बसायचं. टीव्हीही यूपीएसवर घ्यायचा तर आधी वॅट मोजा, मोठा टीव्ही छोट्या मॉनिटरच्या कितीतरी पट खातो.

आता कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि लांब केबल हॉलपर्यंत. एवढ्या लांबीत फोर-केला ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, टिकेना, पडदा मधेच काळा पडायचा, म्हणून ३० वर ठेवलंय. माउस जरा ओढल्यासारखा चालतो. जुळवणी मी आत मॉनिटरवरच करते, बाहेर बसलेल्यांना नावं वाचायला तेवढं पुरतं.