तीनचा कॉल

रंगीत तालमीचा कॉल, म्हणजे सगळ्यांनी हजर व्हायची वेळ, तीनचा होता. मी पावणेतीनला अदीस अबाबाच्या त्या छोट्या थिएटरात शिरलो, तर नर्तक स्टेजवरच आडवे झालेले. ढोल, म्हणजे त्यांचा कबेरो, उशाला घेऊन एक जण चक्क घोरत होता. इथिओपियात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे तीन सकाळी नऊलाच वाजले होते! हे ऐकून माहीत होतं, ऐनवेळी डोक्यातून गेलं. कुणी चिडलंही नाही, त्यामुळे जास्तच ओशाळलो. प्रयोग त्यांच्या रात्रीच्या ‘एक’ला, म्हणजे आपल्या संध्याकाळी सातला. हातात चार तास.

लाइट आदल्या दिवशी लावून ठेवले होते. समकालीन नृत्य म्हटलं की विंगांमध्ये स्टँड उभे करायचे, खालचे दिवे नडगीच्या उंचीवर ठेवायचे. पुण्यात वीस वर्षं हेच करत आलोय. सुरुवातीला एकट्या नर्तकाचा तुकडा. मागे मासिंको वाजतोय, एकाच तारेचं, घोड्याच्या केसांचं वाद्य. पोरगा जागचा हलत नाही. पण खांदे! आधी एक थरथरला, मग दुसरा, मग दोन्ही मिळून छातीपर्यंत लाट उतरली. ही अम्हारा लोकांची एस्किस्ता. आणि माझे दिवे त्याच्या स्थिर पावलांवर नुसता उजेड ओतत होते. वर समोरच्या लाइटने छाती सपाट करून टाकलेली.

तो पुढे आला. “गाशे,” (वडीलधाऱ्याला असंच म्हणतात) “तुम्ही गुरागे नाचाचे लाइट लावलेत. ते पायांनी नाचतात. मी इथे नाचतो.” आणि गळ्याखालच्या हाडावर दोन बोटं आपटली.

मग शिडी, पाना आणि धावपळ. सगळे दिवे खांद्याच्या उंचीला चढवले, समोरचे जवळजवळ मारले. बाजूने प्रकाश येताच मानेखालच्या खळग्यात सावली पडली आणि प्रत्येक झटका दिसायला लागला. पांढरी नेतेला मात्र भगभगत होती. उपरण्यासारखी, पण मलमलीहून विरळ. नृत्यदिग्दर्शिका ती काढू देईना. शेवटी त्याने कमरेला बांधली. नाचताना तशी बांधतातच म्हणे, मग आधीच का नाही सांगितलं, देव जाणे.

क्यूचा, म्हणजे लाइट नेमका कधी बदलायचा याचा, घोळ वेगळाच. मी आपला आठ-आठ मोजतोय, तो मोजतच नाही. नाचताना दातांतून श्वास सोडतो, इश्श्, इश्श्. तिसऱ्या इश्श्ला फेडर (दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करायची सरकपट्टी) टाकायचा असं ठरलं.

मध्ये कॉफी आली. सगळे स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणत होते. आपला ‘हबशी’ तो हाच. मी मलिक अंबरबद्दल सांगितलं. यांच्याच देशातून गुलाम म्हणून आला आणि निजामशाही चालवून गेला. ढोलवाल्याने त्याची कबर कुठे आहे विचारलं. वेरूळजवळ, खुलताबादला, म्हटलं. त्याने फोनवर नकाशा काढला.

प्रयोगाला तिसरा इश्श् बरोबर पकडला. खांदे असे उजळले की बायकांनी जिभेने लांब किलकारी घातली. मी खुर्चीत सैल झालो, आणि शेवटचा तुकडा सुरू झाला. गुरागे. सहा जण गुडघे छातीशी आणून उडतायत, आणि सगळे दिवे वर चढवून ठेवलेले. पोटऱ्यांपासून खाली काळोख.

पोरगा पलीकडच्या विंगेत उभा होता. माझ्याकडे बघत स्वतःच्या पावलांकडे बोट दाखवत होता आणि हसत होता.