कबड्डीच्या पँटी घरी शिवताय? मग आधी सुई बघून घ्या

माझी लेक खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या संघात रेडर आहे. तयार पँटी तिला पुरतच नाहीत. बोनससाठी पाय लांबवला की आसनात टर्रकन फाटतात, आणि ढगळ घ्याव्यात तर पकडणारीच्या मुठीत कापड सापडतं. म्हणून यंदा अख्ख्या संघाच्या, बाराही जणींच्या पँटी मीच शिवायच्या ठरवल्या. सासूबाईंचं पायाचं मशीन घरात होतंच.

कापडाला काही त्रास पडला नाही. बेळगावात खडेबाजारात सुपर पॉली, म्हणजे खेळाच्या कपड्यांचं ताणणारं पॉलिस्टर कापड, किलोवर मिळालं. नीट बसणारी एक जुनी पँट उसवून तिच्यावरून कागदी नमुना काढला आणि सगळ्यांची मापं घेऊन कापड बेतलं. पन्हा ५८-६० इंच असला तर शाळकरी मुलीची पँट लांबीभर कापडात निघते, वर नेफ्याला आणि खाली दुमडायला तीन-चार इंच धरायचे. बेतताना कापडाचा जास्त ताण आडवा, म्हणजे मांडीभोवती येईल असं बघा.

खरा छळ शिवताना सुरू झाला. मशीन टाके सोडायला लागलं. चार टाके नीट पडायचे, मग बोटभर दोरा नुसताच वर लोंबायचा. तेल घातलं, बॉबिन काढून शटल, म्हणजे खालून फिरत वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा भाग, पुसलं, वरचा ताण सैल केला, तरी तेच. ताणणारं कापड साध्या सुईबरोबर खालीवर होतं, त्यामुळे सुई वर येताना दोऱ्याचा फास नीट पडत नाही आणि शटलचं टोक तसंच पुढं निघून जातं. अशा कापडाला बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई लागते, एवढं मला माहीत होतं. ती मिळवायलाच जीव मेटाकुटीला आला.

शिलाई सामानाच्या एका दुकानात स्पष्ट सांगितलं, ताणणाऱ्या कापडाची सुई द्या. मालक म्हणाले, "अक्का, सुई ती सुईच की!" आणि पाकीट पुढं केलं. घरी येऊन बघते तर गोल दांड्याच्या, टेलरच्या मोठ्या मशीनच्या सुया. घरच्या मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूनं चपटा असतो, या बसणार कशा? परत न्यायला गेले तर फोडलेलं पाकीट घेणार नाहीत, आणि हवी ती सुई "सोमवारी येईल". तो सोमवार काही उगवलाच नाही. भर पावसात खानापूरहून बसनं जायचं आणि मान हलवलेली बघून परत यायचं. तालुक्याच्या सामन्यांची तारीख जवळ येत होती. गिऱ्हाईक नेमकं नाव सांगतंय, तर "नाही" म्हणायला काय जातं? आजही त्या दुकानावरून जाताना मला राग येतो.

शेवटी मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मामांकडं सुई मिळाली. त्यांनी जुन्या पायमोज्यावरून आधी साधी सुई ओढली, धागा लगेच उचकटला. मग ही ओढली, नुसती घसरत गेली. म्हणाले, "टोक गोलसर आहे बघा. धागा फोडत नाही, बाजूला सारते." ११ नंबरची घेतली, जाड शिवणीला १४ चालते. घरी आल्यावर पहिली शिवण अखंड आली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मशीनला झिगझॅग टाका असेल तर अरुंद झिगझॅगच मारा. आमच्यासारखं सरळ टाक्याचं मशीन असेल तर पुढून-मागून कापड हलकं ताणून धरत शिवा, आणि आसनाला शेजारी-शेजारी दोन शिवणी घाला. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा ताणाला तुटतो. कापड तरीही खाली ओढलं जात असेल तर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा. इस्त्री कोमट ठेवा, मध्ये सुती फडकं घाला.

आसनात शंकरपाळ्याच्या आकाराची कळी, म्हणजे कापडाचा वेगळा तुकडा, मात्र घालाच. चार शिवणी एका जागी येत नाहीत आणि पाय मोकळा पडतो. आता माझी लेक पाय पार लांबवून बोनस घेते, शिवण हलत नाही.

हां, गुडघ्याला दुहेरी कापड लावायचं असेल तर ते बाजूची शिवण मारायच्या आधी, नंतर पायात मशीन शिरत नाही. आणि नेफ्यात कमरेपेक्षा दोन इंच कमी इलॅस्टिक घालून वर नाडीही ओवा. पकडीत ओढाओढ होते तेव्हा नुसतं इलॅस्टिक पुरत नाही.