जर्मनीतले स्लाव्ह शोधायला: राडुश, ग्रोस राडेन आणि आर्कोना (आईबाबांसोबत चार दिवस)

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाला क्वार्क माहीत नाही असं होतच नाही, चक्का टांगायचा कंटाळा आला की सुपरमार्केटमधून क्वार्कचे दोन डबे आणायचे, साखर वेलची केशर घालून घोटायचं, झालं श्रीखंड. तर हा क्वार्क शब्द मूळचा जर्मन नाहीच, स्लाव्ह भाषांमधून (रशियन, पोलिश, चेक यांचं कुटुंब) आलाय हे मला सहा वर्षं इथे काढल्यावर कळलं. काकडीला गुर्क म्हणतात तोही तिकडचाच. आणि सगळ्यात मजा म्हणजे ग्रेन्झं, म्हणजे सीमा, तोसुद्धा. शेजाऱ्याशी सीमेवरून भांडायचं आणि सीमेला शब्द त्याच्याकडूनच उसना घ्यायचा.

सप्टेंबरमध्ये आईबाबा साताऱ्याहून आले होते. बाबा शाळेत संस्कृत आणि इतिहास शिकवायचे, रिटायर झाले तरी सुट्टीवर गेलेले नाहीत. बर्लिन बघून झालं, भिंत बघून झाली, मग म्हणाले आता असं काहीतरी दाखव जे टूरवाले दाखवत नाहीत. म्हटलं चला, एल्बे नदीच्या पूर्वेला पाच-सहाशे वर्षं स्लाव्ह लोक राहत होते, त्यांच्या खुणा बघू. आई म्हणाली खुणा म्हणजे नक्की काय बघायचं? मी खरं सांगितलं, बहुतेक मातीचे ढिगारे. तरी आली बिचारी.

थोडी पार्श्वभूमी देते, नाहीतर ढिगारे खरंच ढिगारेच दिसतील. स्लाव्हांचं नाव लिखाणात पहिल्यांदा नीट येतं ते सहाव्या शतकात, डॅन्यूब नदीच्या आसपास, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या कटकटी म्हणून. तिथला इतिहासकार प्रोकोपिअस लिहितो की हे लोक एका माणसाच्या हुकमाखाली राहत नाहीत, लांब लांब गरीब झोपड्यांत राहतात आणि सारखी जागा बदलतात. पण आले कुठून? बहुतेक अभ्यासक बोट ठेवतात ते आजच्या युक्रेन-बेलारूसमधल्या प्रिप्यात नदीची दलदल, द्नीपर नदीचा मधला भाग आणि कार्पेथियन डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यावर. यातला एक जुना पुरावा मला फार आवडतो: बीच झाडाला स्लाव्ह भाषांत जो शब्द आहे, बुक, तो जर्मनिक भाषांकडून घेतलेला आहे, म्हणजे जिथे बीच उगवत नाही अशा पूर्वेकडच्या भागात हे लोक आधी राहत असणार. काहीजण या झाडावर फार भार टाकू नका म्हणतात, आणि काही अभ्यासक तर म्हणतात की लोक एका ठिकाणाहून आलेच नाहीत, डॅन्यूबच्या सीमेवर बायझंटाइनांशी टक्कर देता देता "स्लाव्ह" ही ओळख घडली.

या भांडणात २०२५ मध्ये डीएनएची भर पडली. पाचशेहून जास्त जुन्या सांगाड्यांचे जीनोम तपासले, आणि पूर्व जर्मनीत सहाव्या-सातव्या शतकानंतर ८० टक्क्यांहून जास्त वंश पूर्व युरोपातून आलेल्यांचा निघाला. नुसते लढवय्ये पुरुष नाहीत, बायकापोरांसकट कुटुंबंच्या कुटुंबं आली. हे काम ज्यांच्या पुढाकाराने झालं त्यातली एक मोठी संस्था लाइपझिशची, आणि लाइपझिश हे नावच स्लाव्ह, लिपा म्हणजे लिंडेनचं झाड त्यावरून. बाबांना हे सांगितल्यावर ते ट्रेनमध्ये एकदम "अरे वा!" असं मोठ्याने म्हणाले आणि समोरच्या आजींनी पुस्तकातून मान वर केली.

पहिल्या दिवशी राडुश. बर्लिनहून कॉटबुसकडे जाणाऱ्या रीजनल ट्रेनने साधारण सव्वा तास, छोटं स्टेशन आहे, उतरायला विसरू नका. तिथून पायी अर्धा-पाऊण तास, सपाट रस्ता, सावली कमी, पाणी सोबत ठेवा. आमच्यासारखं भर दुपारी निघू नका. शेताच्या मधोमध लाकूड-मातीची गोल तटबंदी एकदम समोर येते. नवव्या-दहाव्या शतकातला गोल कोट होता, दगडी कोळशाच्या नाही, लिग्नाइटच्या उघड्या खाणीत जागा जाणार म्हणून १९८० च्या दशकात उत्खनन झालं, मग ही बाहेरून प्रतिकृती बांधून २००३ मध्ये उघडली. आत शिरलात की काँक्रीट आणि म्युझियम, थोडा हिरमोड होतो हे सांगून ठेवते, पण प्रदर्शन चांगलं आहे. वर तटावर चढून गोल फिरता येतं.

बाबा पाच मिनिटं तटाकडे बघत होते. म्हणाले, "याला गड नाही म्हणायचं, हा भुईकोट." अगदी बरोबर. डोंगर नाहीच या मुलखात, मग संरक्षण करायचं कशाने तर पाणी आणि चिखल. लाउझिट्स या प्रदेशाचं नावच दलदलीवरून पडलंय. लाकडी ओंडक्यांच्या आडव्या-उभ्या थरांमध्ये माती ठासून तट उभा करायचा, बाहेर खंदक. असे कोट या भागात ठिकठिकाणी होते.

परतीच्या वाटेवर ल्युबेनाऊला उतरलो आणि आईचा दिवस वसूल झाला. श्प्रेवाल्डचे कालवे, बांबूसारख्या लांब काठीने ढकलत नेणारी चपटी नाव, काठावर काकडीच्या लोणच्याची दुकानं. (तेल-मसाला नाही, व्हिनेगर आणि बडीशोपेसारखा वास. आईचं मत: "लोणचं नाही, आजारी माणसाची काकडी.") नावेत बसायला वेळ नसेल तर लेडे गावापर्यंत चालत जा, अर्धा तास लागतो, सुंदर आहे. पण इथे डोळे उघडे ठेवायचे ते पाट्यांकडे. प्रत्येक पाटीवर दोन नावं, ल्युबेनाऊ आणि खाली लुब्न्यो, कॉटबुस आणि खोशेबुज. दुसरी भाषा सोर्बियन, म्हणजे जे स्लाव्ह गेले नाहीत, जर्मन झाले नाहीत, त्यांचे वंशज अजून इथे आहेत, साधारण ६० हजार सांगतात, पण भाषा रोज बोलणारे त्याहून बरेच कमी. फ्रँक लोकांच्या बखरीत ६३१ च्या सुमाराला सोर्बांचा देर्वान नावाचा सरदार येतो, तेव्हापासूनचं हे नाव. सोर्बियनमध्ये अजून द्विवचन आहे! आपल्याकडे देवः देवौ देवाः मधला देवौ फक्त पाठांतरापुरता उरला, इथे माणसं ते घरात बोलतात. बाबा यावर पुढचे दोन दिवस बोलत होते.

दुसऱ्या दिवशी ग्रोस राडेन, आणि या सहलीत मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा हीच. श्टेर्नबेर्ग गावाजवळ आहे, तिथे ट्रेन जात नाही, श्वेरीनपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. शनिवार-रविवारी बस फार कमी असतात, आम्ही रविवारचं टाइमटेबल न बघता निघालो आणि श्वेरीनला अडकलो, चूक माझीच, शेवटी गाडी भाड्याने घेतली. चौघं असाल तर सरळ गाडीच घ्या. म्युझियमची वेळ हिवाळ्यात कमी होते, आधी बघून जा.

तर ग्रोस राडेन. १९७३ ते १९८० उत्खनन, १९८७ पासून उघड्यावरचं म्युझियम. तळ्यात शिरलेली जमीन, त्यावर वसाहत, आणि पुढे लाकडी पूल ओलांडून गोल मातीचा तट. झोपड्या पुन्हा बांधल्यात, वेताच्या जाळीवर माती लिंपलेल्या, आत चूल, जातं. तिथल्या पाटीवर धान्य होतं ते बघून आई म्हणाली ही तर भगर! तशाच जातीचं बारीक धान्य, हे लोक त्याची लापशी खायचे. मग आई त्या झोपडीतून निघेचना. कुडाच्या भिंती, शेणामातीची जमीन, चुलीची जागा, तिला आजोळचं घर आठवलं, ढिगाऱ्यांबद्दलची तक्रार तिथे संपली.

पुढे एक देऊळही उभं केलंय, लाकडी चौकोनी, भिंतीच्या फळ्यांना वर माणसाच्या डोक्यासारखा आकार. आणि तटावर उभं राहून मी बाबांना इब्राहिम इब्न याकूबचं वर्णन वाचून दाखवलं. दहाव्या शतकात स्पेनमधून आलेला हा ज्यू प्रवासी लिहून गेलाय की स्लाव्ह लोक कोट कसा बांधतात: पाणी आणि झुडपं भरपूर असलेलं कुरण शोधतात, गोल किंवा चौकोनी रेघ आखतात, भोवती खणतात, निघालेली माती फळ्या-खुंट्यांनी ठासून हवी तितकी उंच करतात, मग दरवाजा ठेवतात आणि लाकडी पूल. समोर पूल, मागे पाणी, पायाखाली तीच माती. फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

श्वेरीनला वेळ असेल तर राजवाडा बघा, २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. परीकथेतला वाटतो, पण जागा मूळची स्लाव्ह कोटाची, आणि दर्शनी भागावर घोड्यावर बसलाय तो निक्लोट, ओबोट्राइट टोळीचा राजा, सॅक्सनांशी लढताना ११६० मध्ये मेला. त्याच्या मुलाने नंतर जुळवून घेतलं आणि याच घराण्याने मेक्लेनबुर्गवर १९१८ पर्यंत राज्य केलं. म्हणजे पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनीतल्या एका गादीवर स्लाव्ह वंशाची माणसं, फक्त बोलत जर्मन होती.

तिसरा-चौथा दिवस आर्कोनासाठी र्‍यूगेन बेट. बर्लिनहून श्ट्रालझुंड, पुढे बर्गन, मग बस बदलत पुटगार्टन. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे सगळा वेळ प्रवासात, एक रात्र राहाच. आम्ही आल्टनकिर्शेनमध्ये राहिलो. पुटगार्टनच्या पुढे खाजगी गाड्या जात नाहीत, चालत अर्धा तास किंवा रस्त्यावरून धावणारी छोटी झुकझुक गाडी. आईच्या गुडघ्यांनी झुकझुक गाडी निवडली. वारा भयंकर असतो, सप्टेंबरमध्येसुद्धा कानटोपी लागली, साडी नेसणार असाल तर पुन्हा विचार करा.

आर्कोनाच्या टोकाला स्वांतेवित या स्लाव्ह देवाचं देऊळ होतं, चार डोक्यांची लाकडी मूर्ती, हातात शिंग. डेन्मार्कचा राजा वाल्डेमार आणि बिशप आब्सालोन यांनी ११६८ मध्ये ते जाळलं. मूर्ती कुऱ्हाडीने फोडून सैन्याने त्यावर स्वयंपाक केला असं सॅक्सो हा डॅनिश इतिहासकार लिहितो. त्यानेच देवळाचे रिवाजही लिहून ठेवलेत: पुजारी एकटाच आत जाणार, झाडताना आत श्वास घ्यायचा नाही, प्रत्येक वेळी दाराबाहेर पळत येऊन श्वास घ्यायचा. सुगीनंतर शिंगातलं मद्य किती उरलंय त्यावरून पुढच्या वर्षाचं पीक सांगायचं. आणि मधाची माणसाएवढी गोल पोळी, पुजारी तिच्यामागे उभा राहून लोकांना विचारणार, मी दिसतोय का? दिसतो म्हणाले की प्रार्थना, पुढच्या वर्षी दिसू नये. (शत्रूपक्षाच्या माणसाने लिहिलंय हे लक्षात ठेवून वाचायचं, पण पोळी त्याने मनची घातली असेल असं मला वाटत नाही.)

आता ते व्हॉट्सअॅप फॉरवर्ड. चार तोंडांचा स्वांतेवित म्हणजे आपला ब्रह्मदेव, स्लाव्ह म्हणजे मूळचे वैदिक वगैरे. मला भीती होती बाबा ते काढतील, काढलंच, पण वेगळ्या कारणासाठी. म्हणाले, मध आणि त्यांचा म्योद एका मुळाचे हे मान्य, भाषा लांबच्या चुलत बहिणी आहेत, "पण चुलत भावाच्या घरातल्या सगळ्या फोटोंत आपणच असू असं कसं?" आणि तिथेच उभं राहून फॅमिली ग्रुपवर तसं टाकलं. काका अजून बोलत नाहीयेत.

प्रत्यक्ष देवळाचं काहीच उरलेलं नाही. कडा दर वर्षी ढासळते, कोटाचा मोठा भाग समुद्रात गेला, आतल्या बाजूचा मातीचा तट तेवढा दिसतो, आणि त्याच्याही काही भागात जायला बंदी असू शकते, दोरी ओलांडू नका. शेजारचे दीपस्तंभ बघा, जुना शिंकेल या वास्तुकाराचा, १८२० च्या दशकातला. पण खरी वस्तू आल्टनकिर्शेनच्या चर्चमध्ये आहे आणि बहुतेक लोक बस तिथून जाते तरी उतरत नाहीत. भिंतीत एक दगड बसवलाय, त्यावर मिशीवाला माणूस मोठं शिंग धरून, देव की पुजारी की राजा यावर वाद आहे. दगड आडवा बसवलाय, माणूस कुशीवर पडल्यासारखा. जुन्या देवाला मुद्दाम आडवं पाडलं असं म्हणतात.

खर्चाचं: जर्मनीभर रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास २०२५ मध्ये ५८ युरो होता, यातल्या बसही त्यात येतात, पण आपोआप रिन्यू होतो, पुढच्या महिन्यात नको असेल तर १० तारखेच्या आत कॅन्सल करा. एकच दिवस असेल तर राडुश-ल्युबेनाऊ करा, दोन असतील आणि गाडी असेल तर ग्रोस राडेन. आणि ट्रेनमधल्या अनाउन्समेंट ऐका: शेवटी ओव असलेलं नाव आलं की स्लाव्ह, फक्त शेवटचा व उच्चारायचा नाही, पांकोव नाही पांको. रोस्टॉक, ड्रेस्डेन, श्वेरीन, खुद्द बर्लिन, सगळी त्यांचीच नावं. बर्लिनवाले अस्वल मिरवतात, पण नाव दलदलीवरून आहे.

चर्चमध्ये बाबांनी मान आडवी करून त्या दगडाचा फोटो काढला, मग फोन फिरवला, मग फोटोच फिरला, मग परत मान. आई मागच्या बाकावर बसून गुडघे चोळत म्हणाली, आता घरी जाऊन क्वार्क आण, दसरा आलाय.