लग्नपत्रिकेपासून तांब्याच्या पाटीपर्यंत : आमची वाटचाल

सासऱ्यांचं कसबा पेठेत स्क्रीन प्रिंटिंगचं, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापायचं, दुकान होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा लग्नसराईत घरभर पत्रिका वाळत पडलेल्या असायच्या, पाय ठेवायला जागा नसे. पुढे निमंत्रणं मोबाइलवर जायला लागली. पाचशेची ऑर्डर पन्नासावर आली. देवापुढे ठेवायला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना द्यायला, एवढ्याच पत्रिका.

मी तेव्हा हौसेनं एनॅमलिंग शिकत होते. एनॅमल म्हणजे साधा रंग नव्हे, ती काच असते. काचेची रंगीत भुकटी तांब्यावर चाळायची आणि साधारण ८०० अंशांच्या भट्टीत दोन-तीन मिनिटं ठेवायची, की ती वितळून धातूला कायमची धरते. जयपूरची मीनाकारी हीच विद्या. घरांवरच्या जुन्या निळ्या नंबरपाट्याही त्यातल्याच, फक्त त्या लोखंडी पत्र्यावरच्या. घरात छपाई, हातात एनॅमल. मग तांब्यावर छापायचं का नाही?

ही कल्पना काही आमची नव्हे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यावर कोरलेल्या तांब्याच्या ठशावरून पातळ कागदावर आणि कागदावरून एनॅमलच्या डब्यांवर चित्रं उतरवत. लंडनजवळच्या बॅटरसीचा कारखाना १७५३ ते १७५६ एवढाच चालला, पण त्याचं नाव अजून घेतात. हे वाचून धीर आला.

पहिल्या प्रयोगात एक रंगीत फोटो ट्रान्स्फर कागदावर (पाण्यात भिजवला की चित्राचा पापुद्रा सुटतो असा कागद) छापला, पांढऱ्या एनॅमलवर बसवला आणि भट्टीत घातला. बाहेर निघाली कोरी पांढरी पाटी. साध्या प्रिंटरचे रंग सेंद्रिय, म्हणजे कार्बनचे असतात, ते जळून जातात. आगीत टिकतं ते खनिज. लेझर प्रिंटरच्या काही काळ्या टोनरमध्ये, म्हणजे छपाईच्या पुडीत, मात्र लोहाचं ऑक्साइड असतं. बाकी सगळं जळतं, ते काचेत उरतं आणि चित्र जुन्या फोटोसारखं तपकिरी उमटतं. कोणत्या टोनरमध्ये लोह आहे हे कसं ओळखायचं? पर्समध्ये लोहचुंबक घेऊन मी टोनर भरून देणाऱ्यांची दुकानं पालथी घातली. कागदावर चिमूटभर पूड, खाली चुंबक. पूड चुंबकामागे सरकली की तो टोनर आमचा.

तांब्याच्या चकत्या आम्ही तांबट आळीतून आणतो. चिंच-मिठानं घासतो, देवाची भांडी घासतात तशाच. धुतल्यावर पाण्याचे थेंब न होता पातळ थर पसरला, तर चकती स्वच्छ. एनॅमल मागच्या बाजूलाही द्यावंच लागतं. सुरुवातीला ते वाचवलं. रात्री सगळं शांत झाल्यावर कपाटातून ‘टिक्’ असा आवाज यायचा आणि सकाळी काचेची कपची खाली पडलेली असायची. तांबं आणि काच थंड होताना सारखी आक्रसत नाहीत, तो ताण दोन्हीकडून सावरावा लागतो.

ट्रान्स्फर पाण्यात अर्धा मिनिट भिजला की वरचा पापुद्रा सुटतो. तो अलगद पाटीवर सरकवायचा आणि रबरानं मधून कडेकडे पाणी काढायचं. एक बुडबुडा राहिला तर भाजल्यावर तिथे भोक. रात्रभर वाळवून आधी भट्टीच्या तोंडाशी धरायचं, पापुद्र्याच्या लॅकरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, धूर निघून गेला की मगच आत. जास्त वेळ राहिलं तर चित्र काचेत बुडून फिकं होतं.

फोटो तरी चिखलच व्हायचे. छापील फोटो बारीक ठिपक्यांचा असतो, काच वितळताना ते ठिपके एकमेकांत मिसळत. तोडगा सासऱ्यांनी काढला. आयुष्यभर जाळीवर काम केलेला माणूस! भिंग लावून पाटी पाहिली आणि म्हणाले, “ठिपका मोठा करा, इंचाला ठिपक्यांच्या ४५ रेघा पुरे. आणि मधला करडा काढून टाका.” दुसऱ्या दिवशी चेहरा स्पष्ट उमटला. माझ्या मते आमचा व्यवसाय खरा त्या दिवशी सुरू झाला.

मधे एका पुरवठादाराकडून आलेल्या तयार रंगीत ट्रान्स्फरमध्ये लाल सगळा विटकरी निघाला आणि अख्खी ऑर्डर पुन्हा करावी लागली. तेव्हापासून खनिज रंग आम्ही स्वतःच्या जाळीवर छापतो आणि प्रत्येक लॉटची एक पाटी आधी भाजून बघतो. जेवणाच्या ताटांच्या ऑर्डरी मात्र घेत नाही. अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागाची खात्री चाचणीशिवाय देता येत नाही.

सगळ्यात जास्त मागणी हस्ताक्षरांना आहे. एक बाई आजोबांचं मोडीतलं पत्र घेऊन आल्या. पत्राच्या घड्यांवर कागद फाटत चालला होता. ते जसंच्या तसं, शाईच्या डागासकट, तळहाताएवढ्या पाटीवर उतरवलं. मोडी त्यांना वाचता येत नव्हती, तरी त्या बराच वेळ ओळींवरून बोट फिरवत बसल्या.

सध्या देवीच्या पाटीवर काम चालू आहे. चित्र छापील, कुंकू हातानं भरलेलं. लाल उष्णतेला फार हळवा, म्हणून तो सगळ्यात शेवटी आणि कमी वेळ भाजतो. आतापर्यंत सहा पाट्या झाल्या. सासऱ्यांनी भिंगाखाली दोनच पास केल्या आहेत.