ती लॅटिनवाली, मी भजनवाली

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण जुन्या लॅटिन मिस्सेची (मिस्सा म्हणजे आम्हा कॅथलिकांची चर्चमधली मुख्य उपासना) भक्त आहे आणि मी पेटी-तबल्याच्या मराठी मिस्सेत वाढलेली, त्यामुळे तुमचं दोघींचं जमतं तरी कसं असं चर्चमधली मंडळी विचारत असतात, कोणी कौतुकाने विचारतं, कोणी जरा खवचटपणे. म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

आमचं घर मूळचं श्रीरामपूरकडचं, पप्पा नोकरीसाठी पुण्यात आले आणि आम्ही वडगाव शेरीकर झालो. आमच्याकडची मिस्सा म्हणजे चपला बाहेर, सतरंजीवर मांडी घालून बसणं, समई, आरती आणि झांजा घेऊन बसलेल्या मावश्या. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरीयेच्या, यात्रेला गेलं नाही तर वर्ष सुनं वाटतं. माझी आजी शाळेत गेलीच नाही, पण बायबलातल्या गोष्टी तिला भजनांतून तोंडपाठ, तेच तिचं धर्मशिक्षण. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, फादर वेदीकडे तोंड करून, आणि ही मागे बसून जपमाळ करायची. मराठी मिस्सा सुरू झाल्यावर फादर आपल्यासाठी देवाकडे काय मागतात ते पहिल्यांदा कळलं, असं ती सांगायची तेव्हा तिचे डोळे भरून यायचे. हे मी विसरूच शकत नाही.

मैत्रिणीचं घर गोव्याचं, पण दोन पिढ्या पुण्याच्या कॅम्पात गेल्या. तिच्याकडे आजोबांचं मिसल, म्हणजे मिस्सेचं प्रार्थनापुस्तक, आहे, एका पानावर लॅटिन, समोरच्या पानावर इंग्रजी, कडा हात लागून लागून काळ्या झालेल्या आणि मध्ये मध्ये घरातल्या गेलेल्या माणसांची छोटी स्मरणकार्डं ठेवलेली. मिस्सेला बसताना ती डोक्यावरून ओढणी घेते, कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, गुडघे टेकून जिभेवरच घेते, आणि नंतर शांत प्रार्थनेची जी दहा मिनिटं असतात ना त्यात कॉयरने, म्हणजे गाणाऱ्या मंडळींनी, गाणं सुरू केलं की तिचा जीव कासावीस होतो. तिचं म्हणणं, जुन्या मिस्सेत फादर कोण आहेत, त्यांचा आवाज कसा, ते हसवतात का, याने काही फरक पडत नाही, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, देवाकडे. मी आजीचं सांगितलं तर म्हणते, अगं पण ती जपमाळ करत बसायची तेव्हाही तिचं मन वेदीपाशीच होतं ना? याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही.

आमची भांडणं कागदोपत्री पण होतात बरं का. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेचा, उपासनेवरचा दस्तऐवज, ४ डिसेंबर १९६३ चा, दोघींच्या फोनमध्ये आहे. ती कलम ३६ काढते, लॅटिनचा वापर टिकवावा. मग ११६, ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान. मी लगेच ११९ काढते, की मिशनच्या प्रदेशांत लोकांचं स्वतःचं संगीत असतं, त्याला योग्य तो मान द्या. आणि फादरांनी लोकांकडे तोंड करावं असं त्या दस्तऐवजात कुठेच लिहिलेलं नाही हे ती मला दर वेळी ऐकवते, आणि ते खरंच आहे. म्हणजे परिषदेने दोघींचंही मागणं एकाच कागदात लिहून ठेवलंय, आणि लोक मात्र त्यातलं आपल्याला हवं तेवढंच वाचतात. पुढे १९६९ च्या एप्रिलमध्ये पोप पॉल सहावे यांनी नवं मिसल, म्हणजे मिस्सेची नवी पद्धत, जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात रोमने भारतासाठी बारा गोष्टींना परवानगी दिली, जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती वगैरे. तेव्हा आरतीवरूनही कॅथलिकांमध्ये केवढा विरोध झाला होता! आज मला जे जन्मापासूनचं वाटतं ते कोणाला तरी परकं आणि घाईचं वाटलं होतं, हे तिच्यामुळे माझ्या डोक्यात शिरलं.

पुण्याचंच बघा ना. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, त्यांच्या सैन्यातल्या गोवेकर कॅथलिकांसाठी. तिथली पहिली मिस्सा अर्थात लॅटिनच. मग कॅम्पात आयरिश शिपायांसाठी सेंट पॅट्रिक्स, मग नगरकडून आलेले आमच्यासारखे, शिवाय तमिळ, मल्याळी. या शहरात एकाच पद्धतीचे कॅथलिक कधी नव्हतेच.

१६ जुलै २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी जुन्या मिस्सेवर बंधनं आणली. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी जी मोकळीक दिली होती ती बरीचशी गेली, आता बिशपांची परवानगी लागते. तिला फार लागलं ते. रात्री फोन करून म्हणाली, माझे आजोबा ज्या मिस्सेत प्रार्थना करायचे तिची अडचण का वाटावी गं कोणाला? त्याचं कारण मला माहीत होतं, काही लोक त्या मिस्सेच्या आडून परिषदच नाकारायला लागले होते, चर्चमध्ये फूट पडायची भीती पोपना होती, आणि ती भीती खोटी नव्हती. पण माझी मैत्रीण त्यातली नाही. ती परिषद मानते, पोपसाठी रोज प्रार्थना करते, तेव्हाही करत होती. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर कोणीतरी "बरं झालं" असं टाकलं तेव्हा मी तिथेच लिहिलं की हे बरं झालेलं नाही, आपल्याच घरातल्या माणसांना दुखलंय. मला आजही तसंच वाटतं. उद्या कोणी आमची आरती बंद केली तर ती माझ्या बाजूने उभी राहील याची मला खात्री आहे.

तिचे डॅडी गेले तेव्हा कबरीपाशी तिने एकटीने साल्वे रेजिना हे मरीयेचं लॅटिन गीत म्हटलं, शेवटी शेवटी आवाज फुटेना. मग तिने माझ्याकडे बघून मान हलवली, कारण आदल्या रात्रीच तिने मला सांगून ठेवलं होतं की तुमच्या मावश्यांना बोलाव, डॅडींना त्यांचं भजन आवडायचं. मावश्या दोन रिक्षा करून आल्या होत्या, झांजा पिशवीत घेऊन. त्यांनी म्हटलं, आणि तिने टाळ्यांचा ठेका धरला, चर्चमध्ये टाळ्या वाजवणं जिला अजिबात पटत नाही तिने.

टाळ्यांबद्दलचं मत अजून बदललेलं नाही हं तिचं. माझं मात्र माइकच्या आवाजाबद्दल थोडं बदललंय, आमचा कॉयर खरंच फार मोठ्याने लावतो आणि मी तसं त्यांना सांगितलंय. सध्या ती मला पांजे लिंग्वा हे लॅटिन स्तोत्र शिकवतेय, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या पवित्र गुरुवारसाठी, व्हॉइस नोट पाठवते आणि मी उच्चार चुकवले की परत पाठवते. बदल्यात सप्टेंबरात हरेगावला यायचं कबूल केलंय तिने, मुक्कामाने.