सहा महिन्यांच्या अंतराचे भाऊ

१९८४ च्या जूनमध्ये मला कुहीच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका खेड्यातल्या हायस्कूलात नोकरी लागली. बी.एड. नुकतंच झालेलं. नागपूरच्या इतवारीहून छोट्या लाईनची गाडी पकडायची, कुहीला उतरायचं आणि स्टेशनाजवळच्या चहावाल्याकडे ठेवलेली सायकल काढायची. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा बऱ्याच जणांना गहिवरून आलं. मला नाही आलं. पावसाळ्यात दोनदा नाल्याच्या पुरात सायकल डोक्यावर घेऊन उभा राहिल्यावर मी गावातच खोली केली होती.

शाळा म्हणजे मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, जुना वाडा. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, वाडा तेवढा राहिला होता. वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन. आठवी, नववी, दहावी असे तीन वर्ग आणि हेडमास्तर धरून आम्ही चौघं. क्लार्क नव्हता, त्यामुळे ते काम जो शेवटी आला त्याच्या गळ्यात. माझा वर्ग आठवीचा. पोरंही नवी, मीही नवा. ती आजूबाजूच्या चार गावांच्या जिल्हा परिषद शाळांतून सातवी करून आलेली. तिथं ‘गुरुजी’ म्हणायची सवय, इथं ‘सर’ म्हणायचं. पहिला महिनाभर मी ‘गुरुजीसर’ होतो. इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं, म्हणजे तीन वर्षांचं. त्यातली बरीच पोरं एबीसीडी म्हणायची ती पाढ्याच्या चालीवर, आणि मधेच कुणी थांबवलं तर परत एपासून सुरुवात.

दाखल-खारीज रजिस्टर मी जुलैमध्येच भरून काढलं. तेहतीस पोरं, त्यातल्या एकवीस जणांचा जन्म १ जुलैचा. मी हेडमास्तरांना विचारलं, तर ते तंबाखू मळत म्हणाले, ‘‘आपल्याकडे सारे १ जुलैलेच होतात.’’ कारण साधं होतं. मूल पहिलीत घालायला आणलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाती आला की सहा वर्षं पूर्ण. मग शाळा सुरू होण्याच्या तारखेतून सहा वजा. आईबापांना तारीख विचारली तर ‘रोवण्याच्या दिवसात’ किंवा ‘तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रोजी’ असं उत्तर यायचं, आणि त्याचं पंचांग काढत बसायला साठ पोरांच्या गुरुजीला वेळ कुठला? हे आज मला कळतं. तेव्हा मात्र मी चांगलाच वैतागलो होतो. खोट्या तारखा मी माझ्या सुवाच्य अक्षरात उतरवतोय याचा राग यायचा.

त्याच यादीत दोन सख्खे भाऊ होते. थोरल्याची तारीख १ जुलै १९७१, धाकट्याची १ जानेवारी १९७२. मी दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. थोरल्याला मिसरूड फुटायला लागलेलं, खाकी हाफ पँट त्याला मांडीपर्यंत तंग. धाकटा मात्र त्याच्या खांद्याच्या खाली.

डिसेंबरमध्ये तपासणी आली. जिल्हा परिषदेचे एक साहेब जीपमधून उतरले, सोबत एक कारकून. अंगणात आम्ही पोरांकडून चुन्याच्या रेघा मारून घेतल्या होत्या, त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. साहेबांनी चहा घेतला, रजिस्टर मागवलं आणि बोट खाली-खाली सरकवत एका जागी थांबवलं.

‘‘हे दोघं सख्खे भाऊ?’’

‘‘हो साहेब.’’

‘‘एकाच आईचे?’’

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. सप्टेंबरमध्ये फळ्यावर मीच लिहिलेलं ‘चुकांमधून शिकूया’ अजून पुसलं गेलं नव्हतं. साहेब म्हणाले, ‘‘आईला बोलवा.’’

ती खळ्यावर होती. धानाचा चुरणा चाललेला. अर्ध्या तासानं आली, केसांत तणस अडकलेलं, लुगड्याला धुरळा. सोबत तिची सासूही, कारण सूनबाईला शाळेत कशाला बोलावलं ही काळजी तिला जास्त. साहेबांनी तारखा वाचून दाखवल्या आणि विचारलं, ‘‘बाई, ह्या दोघांत अंतर किती?’’

तिनं बोटांवर मोजलं. सहा महिने म्हणजे काय हे तिच्या ध्यानात यायला क्षणभर लागला, आणि मग ती पदर तोंडावर धरून जी हसली, ती थांबेचना. ‘‘अवं माय! सहा महिन्यात दुसरं? मी काय बकरी आहो काय, साहेब?’’

कारकूनही हसला, साहेबही हसले. मी हसलो नाही. भिंतीपलीकडे आठवीचा वर्ग होता, दाराला फट होती, आणि थोरला त्या फटीत उभा असलेला मला दिसला होता.

मग खऱ्या तारखा निघू लागल्या. धाकट्याचं तिला पक्कं आठवत होतं. ‘‘लढाई सरली न साहेब, याच वाड्यात मालगुजाराचा रेडिओ होता, सारं गाव येथं आलं. त्याच्या दुसऱ्या रोजी.’’ म्हणजे बांगलादेशची लढाई संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबर १९७१. ज्या खोलीत तो रेडिओ वाजला, तिथंच आम्ही बसलो होतो. साहेबांनी कोतवालाला बोलावलं. त्यानं फडक्यात बांधलेलं जन्माच्या नोंदींचं बुक आणलं, आणि डिसेंबरच्या पानावर बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ एवढीच नोंद सापडली. पोराचं नाव नाही. बारशाआधीच लिहून घेतलेलं असायचं. तारीखही तीच. गुरुजींचा अंदाज फक्त पंधरा दिवसांनी चुकला होता! मी मनातल्या मनात त्या माणसाची माफी मागितली.

थोरल्याची नोंद मात्र कुठंच नाही. सासूनं खुलासा केला, ‘‘पहिलं बाळंतपण माहेरी असते न, साहेब.’’ माहेर नदीपलीकडे, भंडारा जिल्ह्यात. तो जन्मला तिथल्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी, धाकट्याच्या दोन वर्षं आधीच्या दिवाळीनंतर. म्हणजे नोव्हेंबर १९६९. दीड वर्षाहून जास्तीची तफावत. पहिलीत दोघांना एकाच दिवशी घातलेलं; दोघांना एकच तारीख दिली तर जुळे होतील, म्हणून गुरुजींनी धाकट्याला सहा महिने पुढे सरकवलं असावं.

मी उत्साहानं म्हणालो की नदीपलीकडच्या कोतवालाकडून नक्कल आणतो, उद्या डोंग्यानं जाऊन येतो. हेडमास्तरांनी मला डोळ्यांनी दाबलं. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे दाखल्यावरून आलेली तारीख शाळेला आपल्या मनानं बदलता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, पुरावे लागतात. पण साहेब म्हणाले, ‘‘करा प्रस्ताव. नव्या मास्तरांना हौस आहे तर होऊ द्या.’’

तेवढ्यात ती बाई म्हणाली, ‘‘मोठ्याचं कायले बदलता?’’

मी समजावून सांगितलं. खरं वय काय, खोटं वय काय. ती ऐकत होती, पण मान हलत नव्हती. ‘‘त्याले शाळेत उशिरा घातला न, गुरुजी. तवरिक दोन वर्सं बकऱ्याच राखल्या त्यानं. थे वर्सं कायले मोजता?’’

याचं उत्तर बी.एड.च्या कुठल्याही पेपरात मला शिकवलेलं नव्हतं. मी काहीतरी बोललो, ‘कायद्याप्रमाणे’ वगैरे. साहेबांनी पेन टोपणात घातलं. जरा वेळ खोलीत फक्त कबुतरांचा आवाज होता. वाड्याच्या आढ्यावर ती ढिगानं असायची.

दुपारच्या सुट्टीत थोरला मला विहिरीजवळ गाठून म्हणाला, ‘‘सर, तसंच राहू द्या. पंधरा लिहाल त बाबा म्हणतीन, मोठा झाला, आता नांगरावर ये.’’ त्यानं पहिल्यांदाच मला नुसतं ‘सर’ म्हटलं. मला ते लगेच लक्षात आलं, आणि लक्षात आल्याची थोडी लाजही वाटली.

संध्याकाळी साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात स्वतः लिहिलं: ‘जन्मतारखा प्राथमिक शाळेच्या दाखल्यानुसार.’ खाली सही. जीपमध्ये बसताना मला म्हणाले, ‘‘मास्तर, पुढच्या वर्षी दोन भावांची नावं एकाखाली एक लिहू नका.’’ प्रस्ताव मी केला नाही. नदीही ओलांडली नाही. बरोबर होतं का? रजिस्टर म्हणून नव्हतंच. पण थोरला दहावी झाला, पहिल्याच झटक्यात, आणि धाकटा गणितात राहिला.

२२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली तेव्हा मी संस्थेच्या नागपूरच्या शाळेत आलो होतो. ते गाव पुढे बुडितात गेलं. रजिस्टरं मात्र पुनर्वसनाच्या गावठाणातल्या नव्या शाळेत सुखरूप आहेत, असं ऐकतो.

गेल्या उन्हाळ्यात थोरला माझ्या मानेवाड्याच्या घरी आला. वनरक्षक म्हणून लागला होता, आता वनपाल आहे. पिशवीत लाखोळीची डाळ. धाकट्याचं गावठाणात किराणा दुकान आहे, त्याला कुणी कधी जन्मतारीख विचारलीच नाही म्हणे. मी थोरल्याला विचारलं, रिटायर कधी? १ जुलैचा जन्म असला की आदल्या दिवशीच निवृत्ती येते, म्हणजे अठ्ठावन्न पुरी होऊन ३० जून २०२९. मी मनात नोव्हेंबर १९६९ धरून हिशेब केला आणि गप्प बसलो. त्याला ते कळलं असावं.

‘‘माय अजून मंडईलेच ओवाळते सर,’’ तो म्हणाला. ‘‘१ जुलैले ऑफिसातले पोट्टे केक आणतात. थो बी खातो.’’

मग गुडघ्यावर हात टेकवून उठला. त्याला उमरेडची बस गाठायची होती.