शनिवारी घरी जाणारी माणसं

रविवार, रात्री साडेदहा

कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये आणि ती सांगायचीही लाज वाटते. मला त्या खाणीतल्या माणसांचा हेवा वाटला.

इथे वेल्समध्ये, लानबेरिस गावाच्या वरच्या अंगाला, दिनॉर्विकच्या पाटीच्या दगडाच्या बंद खाणीत अँगल्सी बराकी आहेत. समोरासमोर दोन रांगा, अकरा-अकरा बिऱ्हाडं, मधे गल्ली. बिऱ्हाड म्हणजे दोन खोल्या आणि चार पुरुष. नळ नाही, संडास नाही. आता छप्परही नाही, चुलीच्या कोनाड्यात नेचे उगवलेत. अँगल्सी बेटावरचे कामगार सोमवारी पहाटे आठवड्याचं खाणं बांधून निघायचे, शनिवारी परत. हे कळलं आणि मनात पहिलं काय आलं, तर... दर शनिवारी!

आमची ही तिसरी दिवाळी इथे. आई फोनवर म्हणते, "सवडीने या गं, घाई नाही." तिच्या या 'घाई नाही'चा अर्थ मला कळत नाही असं थोडंच आहे? बाबांच्या लालबागच्या खोलीबद्दल आज नको.

हेवा तरी कशाचा? छातीत दगडाची धूळ. महिन्याच्या बोलीवर कड्याचा तुकडा वाटून मिळायचा; दगड चांगला लागला तर हातात पैसे, नाहीतर नशीब. १८८५ मध्ये मालकाने टाळं लावलं ते पुढच्या वर्षी उघडलं. १९४८ साली आरोग्य खात्याचा माणूस न सांगता येऊन धडकला आणि 'राहण्यालायक नाही' म्हणून बराकी रिकाम्या झाल्या. सगळं खरं. पण शनिवार होता ना त्यांच्याकडे!

नवरा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "खाणीच्या त्या वरच्या टप्प्याचं नाव माहितेय? ऑस्ट्रेलिया." खरंच, टप्प्यांची नावं ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया, इजिप्त. म्हणजे ही मंडळी सोमवारी ऑस्ट्रेलियाला जाऊन शनिवारी घरी! मला हसू फुटलं, आणि मग थांबेचना. छपराच्या पाट्यांची नावं तर त्याहून भारी: २४ बाय १२ इंचांची ती डचेस, २० बाय १० ची काउंटेस. दिवसभर डचेस तासायच्या आणि रात्री तिघांच्या घोरण्यात झोपायचं.

वाटेवरून एक जांभळट तुकडा उचलला. उचलू नये असं वाटत होतं, तरी उचलला. घरी येऊन दुसऱ्या कपचीने त्यावर 'श्री' काढला. पांढुरकी रेघ उठली, अगदी शाळेतल्या पाटीसारखी. थुंकी लावून अंगठ्याने पुसला. पुसट झाला, गेला नाही. मग उगाच पुन्हा गिरवला.

खाण ऑगस्ट १९६९ मध्ये बंद पडली. आता त्याच डोंगराच्या पोटात वीजघर आहे. टीव्हीवरचा कार्यक्रम संपून देशभर एकदम किटल्या लागल्या, की वरच्या तळ्यातलं पाणी खाली सोडतात आणि रात्री वीज स्वस्त असताना परत वर चढवतात. पाणीसुद्धा घरी जातं.

असो. मीही किटली लावली. पाटीचा तुकडा कपाखाली आहे.

तिकिटं बघितली. शनिवारची सगळ्यात महाग.